सांधेवाला

बाय गो,
काल दुपारी तुझ्या तिठ्यावर येऊन गेलो.
मुकादमच्या टपरीमागे उभा होतो,
पिशवीत डबा : तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी.
तू गोव्याकडच्या सगळ्या गाड्या
एका तळव्यावर धरून होतीस,
आणि कोल्हापूरच्या अंगाने केळ्यांचा एक टेम्पो
माजलेल्या रेड्यासारखा
इंच इंच पुढे घुसत होता.
तू मानही वळवली नाहीस.
नुसती बोटं जरा फाकवलीस.
थांबला.

हातखंबा.
नाव ठेवणाऱ्याने कुणाचा हात पाहिला,
कुठला खांब, देव जाणे.
मी ह्याच नावावरून सत्तावीस वर्षं येतोय-जातोय,
अर्थ काल लागला.

माझं काम तसं नाही.
माझ्यापुढे दोनच वाटा
आणि त्यातली निवडायची मला नसते.
आंबर्डेकर मास्तर बटण दाबतो,
त्यालाही रत्नागिरीहून कुणी सांगतं.
लोकांना अजून वाटतं, मी खटका ओढतो.
मी बघतो फक्त,
रूळ रुळाला चिकटला की नाही.
बोटभर फट राहिली तर काय होतं
ते तुझ्या आईला मी कधी सांगितलेलं नाही.

परवा रात्री अडीचला मास्तरने हाक मारली :
भुवड, सांधा लागत नाही.
हँडल, क्लॅम्प, कुलूप, बत्ती.
बोगद्याच्या तोंडापर्यंत सातशे पावलं,
माझ्या गुडघ्यांचे सांधे मोजतात.
काजीच्या मोहराचा वास.
फांदीवर उदमांजर,
बत्ती मारली तर दोन हिरवे डोळे,
म्हटलं, तुझी लाइन क्लिअर आहे बाबा, जा.

आणि खाली खडा.
काजूच्या बीएवढा,
रुळाच्या जिभेत अडकलेला,
बांगड्याचा काटा दाढेत अडकावा तसा.
एवढ्याशासाठी अख्खी गाडी
डोंगरापलीकडे श्वास धरून उभी.
काढला. हँडल फिरवलं.
जीभ टेकली. क्लॅम्प आवळला, कुलूप घातलं,
किल्ली खिशात, खडाही खिशात,
आणि मास्तरला वॉकीवर सांगितलं :
लागला.

हा शब्द मी खोटा बोलत नाही.
तुझ्या आईशी बोललोय खोटं, तुझ्याशीही,
तुझ्या बारावीच्या फीच्या वेळी तर सरळसरळ.
सांध्याशी नाही.

मग ती आली, रो-रो.
सपाट वाघिणींवर साखळ्यांनी बांधलेले ट्रक,
मुंगीच्या पावलाने.
ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये,
स्टिअरिंगला हात न लावता घाट उतरत होते झोपेत.
एकाचा पाय खिडकीबाहेर,
टाचेला भेगा, घोट्याला काळा दोरा,
माझ्या हिरव्या बत्तीतून हळूच गेला.
मी मोजले.
चाळीस.
चाळीस ट्रक, बाय,
जे तुझ्या तिठ्यावर आलेच नाहीत,
ज्यांना तुला हात करावा लागला नाही.
तुला कळायचं कारण नाही.
मलाच रात्रभर बरं वाटत राहिलं.

खडा तुझ्या आईला कपडे भिजवताना मिळाला.
काय हे? म्हणाली.
खडा, म्हटलं.
तिने तो तुळशीत टाकला.

तर काल,
तू पलीकडच्यांना सोडलंस तेव्हा मीही निघालो,
शाळेची पोरं, एक कोळीण, तिची रिकामी पाटी, मी.
तुझा हात वर, डोळ्याला काळा चष्मा.
शिट्टी वाजवलीस :
चला काका, चला, पाय उचला!
तोंड बघितलं नाहीस.
बरोबर आहे.
मीही कुठे बघतो,
डब्यात कोण बसलंय ते.
पाय उचलला.

डबा मुकादमकडे ठेवलाय.
भाकरी कडक झाली असेल,
चटणी टिकते.